चार पट्ट्यांची रॅम आणि अडखळणारा संगणक

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेल्या, आणि अकोल्याच्या डोंगरी मुलखापासून जामखेडच्या माळरानापर्यंत चौदा तालुक्यांत पसरलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात संगणक बिघडणे ही केवळ यंत्राची अडचण राहत नाही. ती अंतराची आणि वेळेचीही अडचण होऊन बसते. जुजबी दुरुस्ती करणारे तालुक्याच्या गावी असतात. परंतु बिघाड जरा गहन निघाला की कॅबिनेट चादरीत गुंडाळून, मोटारसायकलवर मांडीत धरून किंवा एस.टी.च्या मागच्या बाकावर ठेवून जिल्ह्याच्या ठिकाणी, नगरास न्यावे लागते. तेथे दुकानदाराने बटण दाबताच ते निमूटपणे सुरू होते, दिवसभर चालते, आणि घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी निळा पडदा दाखवून पुन्हा बंद पडते. अशा फसव्या बिघाडांत एक प्रकार असा आहे की ज्यात पुष्कळदा कोणत्याही एका भागाची कसूर नसते: जुन्या रॅमच्या जोडीला नवी रॅम बसविल्यानंतर सुरू होणारी अस्थिरता. प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे निर्दोष, मदरबोर्ड निर्दोष, प्रोसेसर निर्दोष, आणि तरीही सर्व एकत्र आले की यंत्र अडखळते. यास्तव या प्रकाराकडे सामान्य वापरकर्त्याने थोडे बारकाईने पाहावे, असे मला मनापासून वाटते.

रॅम वाढविण्याची गरज येथे चैनीपोटी उद्भवत नाही. लग्नसराईत शेवगाव-पाथर्डीपासून संगमनेर-कोपरगावापर्यंतचे व्हिडिओ मिक्सिंग आणि अल्बम डिझाइन करणारे व्यावसायिक रात्ररात्र जागून काम उरकत असतात. छापखान्यांत फ्लेक्सच्या अवाढव्य फायली उघडलेल्या असतात. पतसंस्थांत, दूध संकलन केंद्रांत आणि आपले सरकार सेवा केंद्रांत एकाच वेळी हिशेबाची प्रणाली, ब्राउझरची दहा पाने आणि छपाई चालू असते. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणक हाताळणे गावोगाव पोहोचले, तद्वत स्वतःच्या जबाबदारीवर संगणक जुळवून घेण्याचा शिरस्ताही पोहोचला. काम मंदावले की आठ जीबीच्या दोन पट्ट्यांच्या शेजारच्या मोकळ्या दोन खाचांत आणखी दोन पट्ट्या टाकाव्यात, हा विचार स्वाभाविक आहे. त्यातून २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक-केंद्रांनी मेमरीची मागणी इतकी वाढविली की तिचे भाव जगभर चढले. साहजिकच जुनी रॅम काढून टाकण्याऐवजी तिच्यात मिळेल ती, प्रसंगी वापरलेली, रॅम मिसळण्याकडे लोकांचा कल वळला. बिघाडाचे बीज बहुधा या मिसळीत असते.

हे समजण्यासाठी रॅमच्या अंतरंगात क्षणभर डोकावले पाहिजे. आज आपण जी मेमरी वापरतो तिची मूळ कल्पना आयबीएम या कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड या अभियंत्याला १९६६ साली सुचली आणि १९६८ साली तिचे पेटंट मिळाले. कल्पना विलक्षण साधी होती. एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म धारित्र, एवढ्यावर माहितीचा एक कण, म्हणजे एक बिट, साठवायचा; धारित्रात विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. हा भार मात्र टिकत नाही, तो झिरपत राहतो. म्हणून डीडीआर४ जातीच्या रॅममध्ये दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक कण वाचून पुन्हा भरावा लागतो, आणि रॅमचा पृष्ठभाग ८५ अंश सेल्सियसच्या पलीकडे तापला तर ही मुदत निम्म्यावर येते. आठ जीबीच्या एका पट्टीत असे सुमारे ६,८७० कोटी कण असतात. त्यांतला एकही कण संगणक चालू असेपर्यंत चुकू नये, ही अपेक्षा आपण किती सहज धरतो, आणि बहुतेक वेळा ती पुरीही होते, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

परंतु अस्थिरतेचे कारण पुष्कळदा या कणांत नसून त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटेत असते. डीडीआर४ जातीची ३२०० वेगाची रॅम प्रत्येक तारेवरून सेकंदाला ३२० कोटी संकेत नेते-आणते. एका संकेताच्या वाट्याला सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा जेमतेम तिसरा हिस्सा येतो, आणि तेवढ्या अवधीत मदरबोर्डच्या तांब्याच्या वाटेवरून विद्युतसंकेत सुमारे पाच सेंटिमीटर एवढाच पुढे सरकतो. म्हणजे प्रोसेसरपासून पट्टीपर्यंतच्या त्या वीतभर वाटेवर एकाच वेळी दोन-तीन संकेत एकामागोमाग धावत असतात. घरगुती संगणकाच्या चार खाचा दोन वाहिन्यांत विभागलेल्या असतात, आणि बहुसंख्य मदरबोर्डांवर एका वाहिनीची तार आधी जवळच्या खाचेस स्पर्श करून मग दूरच्या खाचेपर्यंत जाते. ज्याने भंडारदऱ्याच्या पाण्यावर, प्रवरेच्या कालव्याच्या चारीवर शेत भिजविले आहे, त्याला शेवटचे दार बंद असताना वेगाने आलेले पाणी दारावर आपटून मागे फिरते आणि मागून येणाऱ्या पाण्यात खळबळ माजविते, हे सांगावे लागत नाही. दूरची खाच रिकामी ठेवून जवळच्या खाचेत पट्टी बसविली तर पुढची मोकळी तार संकेताला तसाच माघारी परतविते, आणि तो परतलेला संकेत पाठोपाठ येणाऱ्या संकेतात मिसळतो. म्हणूनच दोनच पट्ट्या असतील तर त्या प्रोसेसरपासून मोजता दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात, असे बहुतेक मदरबोर्डांच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते. ती पुस्तिका खोक्यासकट रद्दीत जाते, आणि पट्ट्या पहिल्या-दुसऱ्या खाचेत शेजारी शेजारी बसविल्या जातात. तसे करण्यात नुकसान होते, कारण दोन्ही पट्ट्या एकाच वाहिनीवर पडून निम्मा वेग वाया जातो.

चारही खाचा भरल्या म्हणजे मोकळ्या तारेचा प्रश्न मिटतो, पण भाराचा प्रश्न उभा राहतो. पूर्वी मदरबोर्डवर असलेला मेमरीचा नियंत्रक आता प्रोसेसरच्या पोटात असतो, आणि त्याला एका वाहिनीवर एकाऐवजी दोन पट्ट्या हाकाव्या लागल्या की संकेतांची धार बोथट होते. निर्मात्यांनी ही मर्यादा लपविलेली नाही. एएमडीच्या रायझन ३००० मालिकेतील प्रोसेसरांसाठी दोन पट्ट्या असता ३२०० चा वेग सांगितला आहे. तोच चार पट्ट्या, त्याही एका रँकच्या, असता २९३३ वर येतो, आणि चारही पट्ट्या दोन रँकच्या, म्हणजे ज्यांवर चिपांचे दोन स्वतंत्र गट आहेत अशा, असल्या तर २६६७ वर. डीडीआर५ वापरणाऱ्या रायझन ७००० मालिकेत ही घसरण अधिकच तीव्र आहे: दोन पट्ट्यांस ५२००, चार पट्ट्यांस ३६००. याचा अर्थ असा की ज्याने दोन पट्ट्यांवर सुरळीत चालणारा संगणक चार पट्ट्यांचा केला आणि वेग मात्र पूर्वीचाच ठेवला, त्याने यंत्राकडून त्याच्या निर्मात्यानेही हमी न दिलेले काम मागितले. यंत्र ते कधी करते, कधी करीत नाही. आपण त्याला बिघाड म्हणतो. वस्तुतः ती मर्यादेपलीकडची मागणी असते.

यात आणखी एक गुंता आहे. प्रत्येक पट्टीवर एक चिमुकली चिप असते, जिच्यात त्या पट्टीचा वेग, व्होल्टता आणि विलंबाचे आकडे नोंदलेले असतात, आणि संगणक सुरू होताना बायोस, म्हणजे मदरबोर्डवरील आरंभीची प्रणाली, ही नोंद वाचून सर्व पट्ट्यांस मानवेल असा मेळ घालतो. सामान्य नोंदींच्या जोडीला पुष्कळ पट्ट्यांवर वाढीव वेगाची नोंदही असते; इंटेलच्या परिभाषेत ती एक्सएमपी, एएमडीच्या परिभाषेत एक्स्पो. डीडीआर४ ची सामान्य व्होल्टता १.२ असताना ही वाढीव नोंद बहुधा १.३५ मागते. एक पट्टी २६६६ ची, दुसरी ३२०० ची. एकीवर सॅमसंगच्या चिपा, दुसरीवर हायनिक्सच्या किंवा मायक्रॉनच्या. अशा वेळी वाढीव नोंद चालू ठेवली तर तिचे आकडे मूळ ज्या पट्टीसाठी लिहिले गेले ती ते निभावते, आणि दुसरी निभावीलच असे नाही. किंबहुना एकाच कंपनीची, एकाच क्रमांकाची पट्टी दोन वर्षांनी पुन्हा विकत घेतली तरी आतल्या चिपा बदललेल्या असू शकतात. दोन पट्ट्यांचा जो संच एका खोक्यात विकला जातो तो कारखान्यात एकत्र तपासलेला असतो. असे दोन संच मिळून चार पट्ट्यांचा तपासलेला संच होत नाही, ही गोष्ट दुकानदाराने गिऱ्हाइकाला विक्रीच्या वेळीच सांगितली पाहिजे.

अशा संगणकाची लक्षणे मोठी चकवा देणारी असतात. एकदा मेमरी मॅनेजमेंट असा संदेश येऊन निळा पडदा पडतो, पुढच्या वेळी पेज फॉल्टचा, तिसऱ्या वेळी काहीच न सांगता संगणक पुन्हा सुरू होतो. व्हिडिओ साठ टक्के तयार होऊन निर्यात थांबते. मोठी झिप फाइल खराब असल्याचे सांगितले जाते, आणि तीच पुन्हा उतरवून घेतली तर उघडते. छायाचित्रात रंगीत पट्टे उमटतात. संदेश दर वेळी निराळा असणे, हीच या दुखण्याची मोठी खूण होय; कारण चुकलेला कण कधी एका प्रोग्रामच्या वाट्याला येतो, कधी दुसऱ्याच्या. आणि येथेच आपल्याकडील सर्रास चालणारा उपाय, म्हणजे फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकणे, केवळ निरर्थक नव्हे तर अपायकारक ठरतो. विंडोज बसविताना तिची प्रत्येक फाइल याच रॅममधून डिस्कवर जाते. रॅम चुकत असेल तर नवी प्रणाली जन्मतःच सदोष लिहिली जाते, आणि मग रॅम सुधारली तरी संगणक सुधारत नाही. निदान झाल्यावाचून उपचार नको, हा नियम वैद्यकाइतकाच येथेही लागू आहे, आणि तो मोडला गेल्याने या जिल्ह्यातील किती जणांची छायाचित्रे व हिशेब विनाकारण पुसले गेले असतील, या विचाराने मन खरोखर विषण्ण होते.

तपासाची रीत अवघड नाही. तिला फक्त सबुरी लागते. पहिली पायरी अशी की कोणतीही पट्टी काढण्यापूर्वी बायोसमध्ये जाऊन वाढीव वेगाची नोंद बंद करावी आणि सर्व मूल्ये मूळ पदावर आणावीत. एवढ्याने संगणक स्थिर झाला तर पट्ट्या नादुरुस्त नसून वेगच अतिरिक्त होता, हे बहुतांशी सिद्ध झाले. स्थिर झाला नाही तर कॅबिनेट उघडावे. आत हात घालण्यापूर्वी भिंतीचा प्लग काढून, बटण एकदा दाबून उरलेली वीज निघू द्यावी, आणि कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा. पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यात हिवाळ्याची हवा इतकी कोरडी असते की स्वेटर काढतानाच अंगावर स्थिरविद्युत साठते; तीन हजार व्होल्टांखालील ठिणगी माणसाला बहुधा जाणवतही नाही, आणि चिपेला मात्र ती पुरेशी घातक ठरू शकते. कित्येक घरांत संगणकाच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. त्याचे कारण अर्थिंग नसणे. वीजपुरवठ्याच्या डब्यातील गाळणीची धारित्रे जमिनीकडे जाण्याची वाट शोधतात, ती न मिळाल्यास पत्र्यावर सुमारे निम्मी व्होल्टता चढते. प्रवाह अल्प असला तरी हे लक्षण अंगवळणी पाडून घेऊ नये. वायरमनकडून अर्थिंग आधी करून घ्यावे.

मग एकच पट्टी, पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत, बाकीच्या बाहेर. खाचेच्या टोकाची कळ टक्‌ आवाज करून मिटली की पट्टी बसली असे समजावे. नगरच्या दुकानात गेल्यावर संगणक आपोआप बरा होतो त्यामागे कधी कधी रस्त्याच्या धक्क्यांनी वा दुकानदाराच्या हाताने ढिली पट्टी नीट बसणे, एवढेच असते. पट्टीची सोनेरी टोके खोडरबराने घासण्याची आपल्याकडे सार्वत्रिक पद्धत आहे. तिने मळ निघतो हे खरे; परंतु तो सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो आणि रबराचा भुगा खाचेत उतरतो, तेव्हा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले स्वच्छ सुती फडके फिरविणे अधिक सुरक्षित. डीडीआर५ च्या संगणकात पट्टी बदलल्यानंतर पहिल्या वेळी पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो, कारण त्या अवधीत नियंत्रक प्रत्येक तारेचा वेळ जुळवून घेत असतो; संगणक मेला असे समजून तेवढ्यात प्लग ओढू नये.

ही एकटी पट्टी तपासण्यासाठी मेमटेस्ट८६+ ही विनामूल्य प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन तिच्यावरून संगणक सुरू करावा. ती मेमरीच्या प्रत्येक घरात ठरावीक नमुने लिहिते, परत वाचते, आणि जेथे रुजुवात पटत नाही तेथे चुकीची नोंद करते. किमान चार फेऱ्या, शक्य तर रात्रभर. येथे एक चूकही चालत नाही. दोन-चार चुका म्हणजे किरकोळ, असा समज पूर्णतः चुकीचा आहे. एकामागून एक सर्व पट्ट्या त्याच खाचेत अशा तपासल्या आणि एकच चुकत राहिली, तर दोष त्या पट्टीचा. नामांकित कंपन्यांच्या रॅमला दीर्घ मुदतीची हमी असते, बिल जपले असेल तर ती बदलून मिळते. सर्व पट्ट्या एका खाचेत उत्तीर्ण आणि दुसरीत नापास, तर संशय मदरबोर्डवर, किंवा प्रोसेसरच्या बैठकीतील एखाद्या वाकलेल्या पिनेवर. प्रोसेसरवरील पंखा एका बाजूने अधिक आवळला गेल्यानेही एक संपूर्ण वाहिनी मुकी होऊ शकते, हे पुष्कळ कारागिरांनाही ठाऊक नसते. सर्व पट्ट्या सर्व खाचांत एकेकट्या उत्तीर्ण, आणि चारही एकत्र मात्र नापास, असे झाले की आपण ज्या मूळ प्रश्नाने आरंभ केला तो हाती लागला.

त्यावर उपाय दोन. चार पट्ट्या ठेवायच्या तर वेग पायरीपायरीने उतरवावा, ३२०० वरून २९३३, तेथून २६६६, आणि ज्या पायरीवर रात्रभराची चाचणी निष्कलंक होईल तेथे थांबावे. वेग घटल्याची हळहळ वाटते. पण मिक्सिंगच्या किंवा हिशेबाच्या कामात पुरेशी मेमरी असणे हे तिच्या वेगातील या फरकाहून पुष्कळ अधिक मोलाचे असते. मदरबोर्डच्या निर्मात्याने बायोसची नवी आवृत्ती काढली असेल तर तिच्यात मेमरीचा मेळ सुधारलेला असण्याचा संभव असतो. मात्र ती लिहिली जात असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, तेव्हा विजेचा भरवसा नसलेल्या गावी यूपीएसवाचून हे धाडस करू नये. दुसरा उपाय, आणि माझ्या मते अधिक चांगला, असा की चार पट्ट्या विकून तेवढ्याच एकूण क्षमतेच्या दोन पट्ट्यांचा एक संच घ्यावा. व्होल्टता हाताने वाढवून चार पट्ट्या पळविण्याचा सल्लाही दिला जातो. ज्याचे पोट त्या यंत्रावर आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये.

चाचणी कोठे आणि केव्हा घ्यावी, यालाही महत्त्व आहे. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या गाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो, कॅबिनेटच्या जाळीवर धुळीचा थर असतो, चार पट्ट्या एकमेकींना चिकटून उभ्या असल्याने मधून वारा फिरत नाही. डीडीआर५ च्या पट्टीवर तर वीजनियंत्रणाची चिपही असते आणि तीही तापते. त्याच संगणकाची चाचणी नगरच्या वातानुकूलित दुकानात घेऊन तो निर्दोष ठरविणे न्याय्य नव्हे. ज्या खोलीत तो बंद पडतो त्याच खोलीत, ज्या वेळी पडतो त्याच वेळी, त्याच वीजपुरवठ्यावर त्याला तपासले पाहिजे.

या सर्व खटाटोपाचे प्रयोजन केवळ निळा पडदा टाळणे नव्हे. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली चूक स्वतःच ओळखून दुरुस्त करणारी संकेतपद्धती प्रसिद्ध केली. तिचेच वंशज असलेले तंत्र आज बँकांच्या आणि मोठ्या संस्थांच्या सर्व्हरमध्ये दर ६४ बिटांमागे ८ बिट राखणीला ठेवते. गूगलच्या सर्व्हरांवर अडीच वर्षे केलेला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत दुरुस्त करावी लागणारी चूक आढळली, आणि त्यांत वारंवार एकाच जागी होणाऱ्या चुकांचे प्रमाण मोठे होते. त्या चुका तेथे पकडल्या गेल्या, कारण पकडणारे कोणी होते. आपल्या गल्लीतील छापखान्याच्या किंवा पतसंस्थेच्या साध्या संगणकात ही राखण नसते. डीडीआर५ मध्ये चिपेच्या आत थोडी दुरुस्ती होते, पण चिप ते प्रोसेसर या वाटेवरील चुकीला ती झाकत नाही. अशा संगणकात एक कण उलटला आणि निळा पडदा न येता फाइल जतन झाली, तर चुकलेला आकडा खऱ्या आकड्याच्याच रुबाबात दप्तरी दाखल होतो.

म्हणून रॅम सुधारली, रात्रभराची चाचणी शून्य चुकांनी पार पडली, की आणखी एक काम उरते, आणि ते सहसा कोणी करीत नाही. नवी पट्टी बसविल्याच्या तारखेपासून ती काढल्याच्या किंवा वेग उतरविल्याच्या तारखेपर्यंत त्या संगणकावर जे जे जतन झाले ते सगळे संशयित मानून पाहावे. खातेवहीची बेरीज छापील प्रतीशी ताडावी. लग्नाचे मूळ चित्रण कॅमेऱ्याच्या कार्डावर अद्याप असेल तर ते पुन्हा उतरवून घ्यावे, आणि तोवर ते कार्ड पुसू नये. त्या काळात घेतलेला बॅकअप जुन्या, निर्दोष बॅकअपवर चढविला गेला आहे काय, हे सर्वांत आधी तपासावे. विंडोज नव्याने टाकायची असेलच, तर तिची वेळ आता आली.